पेरूजातला पहिला आठवडा: इटालियन शिकायला जाणाऱ्यांसाठी

इटालियन शिकायला इटलीत जायचं म्हटलं की बहुतेकांना रोम, फ्लॉरेन्स नाहीतर मिलान आठवतं. मला कुणी विचारलं तर मी पेरूजाचं नाव घेते. उंब्रिया प्रांतातल्या या डोंगरावरच्या शहरात परदेशी लोकांसाठी १९२१ साली वर्ग सुरू झाले आणि १९२५ मध्ये त्यांचं विद्यापीठ झालं: उनिव्हेर्सिता पेर स्त्रानिएरी. शहर आटोपशीर आहे आणि फ्लॉरेन्ससारखी पर्यटकांची रीघ नाही. त्यामुळे भाजीच्या दुकानापासून पोस्टापर्यंत सगळीकडे इटालियनच बोलावं लागतं. शिकणाऱ्याला आणखी काय हवं?

रोमहून रेल्वेने येताना बऱ्याचदा फोलिन्यो किंवा तेरोन्तोलाला गाडी बदलावी लागते. स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी आणि जुनं शहर माथ्यावर. मध्ये २००८ पासून 'मिनीमेत्रो' धावते, चालक नसलेल्या छोट्या डब्यांची. गावात सगळीकडे चढ आणि दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे चाकांची मोठी बॅग खूप त्रास देते. जमलं तर सामान पाठीवरच्या सॅकमध्ये बसवा.

आता कागदपत्रं, कारण पहिल्या आठवड्यातली खरी घाई त्यांचीच असते. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर इटलीत आल्यापासून कामाच्या आठ दिवसांत 'पेर्मेस्सो दि सोज्योर्नो', म्हणजे राहण्याचा परवाना, यासाठी अर्ज करावा लागतो. व्हिसा मिळाला म्हणजे झालं, असं समजू नका. अर्जाचं पाकीट पोस्टात फुकट मिळतं. पोस्टाच्या सगळ्याच शाखा हे अर्ज घेत नाहीत. 'स्पोर्तेल्लो आमीको' अशी पाटी असलेली शाखा शोधा. अर्जावर लावायचं १६ युरोचं सरकारी तिकीट, 'मार्का दा बोल्लो', पोस्टात मिळत नाही, तंबाखूच्या दुकानात मिळतं. ती दुकानं निळ्या-काळ्या पाटीवरच्या मोठ्या पांढऱ्या 'टी' अक्षरावरून ओळखू येतात. पासपोर्टच्या सगळ्या वापरलेल्या पानांच्या झेरॉक्स, प्रवेशाचं पत्र, आरोग्यविम्याचा कागद आणि खर्चाच्या तरतुदीचा पुरावा पाकिटात घाला, पण पाकीट चिकटवू नका. ते उघडंच द्यायचं असतं, खिडकीवरचा माणूस आत काय आहे ते तपासतो. मिळालेली पावती जिवापाड जपा. बोटांचे ठसे देऊन कार्ड हाती येईपर्यंत काही महिने जाऊ शकतात आणि तोवर ती पावती हाच तुमचा पुरावा. विद्यापीठातली मंडळी अर्ज भरायला मदत करतात, पोहोचल्याबरोबर त्यांना गाठा.

विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे पालात्सो गाल्लेन्गा, अठराव्या शतकातला वाडा. समोरच रोमनांच्या आधीच्या एत्रुस्कन लोकांनी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात बांधलेली वेस उभी आहे, प्रचंड दगडांची. तिच्याखालून रोज ये-जा होते. सुरुवातीला चाचणी घेऊन पातळी ठरवतात. घरी ॲपवर थोडंफार शिकून आलात तरी पायरी वर चढवून घेण्याचा हट्ट नको. वर्ग पहिल्या मिनिटापासून पूर्ण इटालियनमध्ये चालतो, आणि पाया कच्चा असेल तर तिसऱ्या दिवशीच दम लागतो.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. वर्गात बसताना इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून ऐका. आपल्याकडे इंग्रजीचा आधार घेऊन परकी भाषा शिकायची सवय आहे, पण इटालियनच्या बाबतीत मराठी कितीतरी जवळची पडते.

उच्चारांपासूनच बघा. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दातांवर येतात. चमच्यातला च आणि चिंचेतला च आपण लहानपणापासून वेगळे म्हणतो. पीत्सामध्ये पहिला आहे आणि 'चाओ'मध्ये दुसरा. जागेतला ज आणि जिभेतला ज यांचंही तसंच. वर्गातल्या इतरांना यासाठी खूप घोटावं लागतं, आपल्याला फक्त ओळखायचं असतं. जोडाक्षरांवर मात्र लक्ष ठेवा. 'कासा' म्हणजे घर आणि 'कास्सा' म्हणजे गल्ला. 'पक्का' म्हणताना जसा दाब देतो तसाच तिथे द्यायचा, मग दुकानात गोंधळ होत नाही.

व्याकरणात तर आणखी मजा आहे. मुलगी 'मी गेले' म्हणते, मुलगा 'मी गेलो' म्हणतो. इटालियनमध्ये मुलगी 'सोनो अन्दाता' आणि मुलगा 'सोनो अन्दातो'. आपण 'पोळी खाल्ली, आंबा खाल्ला' म्हणतो, क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. तिथेही कर्माचं सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं की तेच होतं. केक खाल्लास का? 'लो मान्जाता.' सँडविच? 'लो मान्जातो.' कारण त्यांच्याकडे 'तोर्ता' स्त्रीलिंगी आणि 'पानीनो' पुल्लिंगी. आवडण्याचंही तसंच: मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात, 'मि प्याचे', 'मि प्याच्चोनो'. इंग्रजीतून येणारे इथे 'मी' कर्ता धरून अडकतात. मी वहीत डाव्या बाजूला इटालियन आणि उजव्या बाजूला मराठी लिहायला लागले, आणि मग व्याकरण पाठ करावं लागलं नाही.

तू आणि तुम्ही यांतला फरकही आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. विद्यार्थी एकमेकांना 'तू' म्हणतात. घरमालकीण, पोस्टातले लोक, प्राध्यापक यांना 'लेइ'. फक्त 'लेइ'बरोबर क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी येतं, तेवढं तोंडात बसवून घ्या. आणि दुकानात शिरताना 'बोन्जोर्नो' म्हटल्याशिवाय काही मागू नका.

वर्ग सुटला की फोन्ताना माज्जोरेपाशी जा. निकोला पिसानो आणि त्याचा मुलगा जोव्हान्नी यांनी १२७८ मध्ये पूर्ण केलेलं हे कारंजं आहे. खालच्या कुंडाभोवती बारा महिन्यांची शेतकामं कोरली आहेत. जूनमध्ये कापणी, जुलैत मळणी, सप्टेंबरमध्ये द्राक्षं तुडवणं, नोव्हेंबरमध्ये नांगरणी आणि पेरणी. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला जूनमधली कापणी बघून नवल वाटेल, कारण आपल्याकडे तेव्हा पेरणीची धांदल असते. महिन्यांची नावं, ऋतू, अवजारं, सगळं तिथे उभं राहून शिकता येतं. परतताना मध्ययुगीन जलवाहिनीवरून जाणारी पायवाट धरा. याच मार्गाने कारंज्याला पाणी यायचं. आता ती घरांच्या खिडक्यांशेजारून विद्यापीठाच्या बाजूला उतरते.

खाण्याचं थोडक्यात. इथल्या पावात मीठ नसतं, पहिल्या घासाला दचकू नका. 'तोर्ता अल तेस्तो' ही तापलेल्या तव्यावर भाजलेली जाड भाकरी पोटभर होते. शाकाहारी असाल तर पिठात 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी, आहे का ते विचारा. पार्मेजानो चीजमध्येही वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं. कॉफी काउंटरपाशी उभ्याने घेतली तर बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते. बरीच छोटी दुकानं दुपारी बंद असतात, रविवारी तर जास्तच, म्हणून शनिवारी किराणा भरा. घरांना साधारणपणे तीन किलोवॅटचंच वीजजोड असतं. वॉशिंग मशीन आणि ओव्हन एकदम लावलं की वीज जाते. भाडं ठरवतानाच मुख्य बटण कुठे आहे ते विचारून ठेवा.

पहिल्या शनिवारी खोलीत बसून राहू नका, आस्सीसीला जा. रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता, स्टेशनवरून वर जायला बस आहे. इथल्याच संत फ्रान्सिसने तेराव्या शतकात लॅटिन सोडून लोकांच्या उंब्रियन बोलीत स्तोत्र रचलं आणि इटालियन साहित्याच्या इतिहासात ते अगदी सुरुवातीला येतं. त्याच शतकात आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली होती. हे मनात ठेवून त्याच्या नावाच्या बाझिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, भिंतींवरची फ्रान्सिसच्या आयुष्यातली चित्रं बघा. सोमवारी बाई वर्गात विचारणारच, शनिवार-रविवारी काय केलंत? तेव्हा मुलींनी 'सोनो अन्दाता आद आस्सीसी' म्हणायचं, मुलांनी 'सोनो अन्दातो', आणि मग काय पाहिलं ते सांगत सुटायचं.