शिडाच्या बोटीने फांग न्गाचा उपसागर: या चुका टाळा

थायलंडमधल्या फुकेतच्या पूर्वेला फांग न्गाचा उपसागर आहे. पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे कडे आणि बाराही महिने बऱ्यापैकी शांत पाणी. शिडाच्या बोटीसाठी इतकी देखणी जागा क्वचितच मिळते. पण इथे वाऱ्यापेक्षा भरती-ओहोटीचंच जास्त चालतं, आणि बहुतेक फजित्या तिथेच होतात.

बुकिंग करताना लोक फक्त हंगाम बघतात. नोव्हेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा, ते ठीकच. पण तिथीही बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग (म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी), हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला पाठ असतं. चंद्र तिकडेही तोच. उधाणात इथलं पाणी अडीच-तीन मीटर चढतं-उतरतं. पहिल्यांदा जात असाल तर भांगाचे दिवस निवडा.

सर्वांत महागात पडणारी चूक नांगराची. ओहोटीला खोली पाच मीटर दिसते, खोलीच्या पाचपट म्हणून पंचवीस मीटर साखळी सोडली जाते आणि सगळे निवांत झोपतात. रात्री भरतीने खोली आठ मीटर होते, वर नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची मीटरभर. म्हणजे साखळी पंचेचाळीस मीटर हवी होती. नांगर घसरतो, आणि कड्यांमधून उलटसुलट झोत येत असतील तर बोट कुठेही फिरते. हिशोब नेहमी भरतीच्या खोलीवर करा. कड्याला चिकटून थांबू नका. वरून लोंबणारे चुनखडीचे सुळके डोलकाठीला लागतात.

उत्तरेकडे कांदळवनं आणि उथळ गाळ आहे. बोट रुतलीच तर आधी भरती आहे की ओहोटी ते बघा. भरती असेल तर थांबा, पाणीच उचलेल. ओहोटी असेल तर मिनिटं मोजकी आहेत: सगळ्यांना एका बाजूला बसवून बोट कलवा आणि आलात त्याच वाटेने मागे घ्या. इंजिन मात्र रेटू नका. थंड करणाऱ्या पाण्याबरोबर गाळ आत ओढला जातो. मागच्या नळीतून पाणी पडायचं थांबलं, तर इंजिन लगेच बंद.

को पनाक बेटाच्या पोटातल्या तळ्यांत गुहेतून जावं लागतं. भरती चढली की गुहेचं तोंड बुजतं, म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय आत शिरू नका. को तापूच्या सुळक्याजवळ 1998 पासून बोटींना मनाई आहे, लांबूनच बघा.

को याओ नोई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रिसॉर्टला जेवायला जायचं असेल तर आधी फोन करून विचारा: धक्का आहे का, ओहोटीला डिंगी (बोटीवरची छोटी होडी) कुठे लावायची? भरतीला वाळूवर ओढलेली डिंगी जेवण होईपर्यंत चिखलात बसलेली असते, आणि पाणी बरंच लांब गेलेलं. तासन्‌तास थांबायची तयारी नसेल तर परतीची वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरवा, मेन्यूवरून नाही. बेटावरची वस्ती मुख्यतः मुस्लिम आहे. रिसॉर्टबाहेर गावात फिरताना खांदे-गुडघे झाकणारे कपडे सोबत ठेवा.