फील्डवरच्या माणसांना कंपनीचा मोबाइल द्यायचा तर

आमच्या कंपनीचा व्यवसाय द्राक्षबागांची खतं-औषधं आणि ठिबकचे सुटे भाग. गोदाम मिरजेत, आणि माणसं फिरतात तासगाव, कवठेमहांकाळ, पार जतपर्यंत. ऑर्डर, वसुली, बागेतल्या पानांचे फोटो, सगळं मोबाइलवर चालतं. ऑक्टोबर छाटणीच्या आधी हंगामी मुलं घेतो, बागा उतरल्या की त्यातली बरीच जातात. म्हणजे दरवर्षी पंधरावीस फोन हाताबाहेर जाणार आणि तेवढेच परत येणार. कंपनीची सिस्टीम माझ्याकडे आहे, त्यामुळे हे फोनही मीच सांभाळते. आमच्यासारख्या मध्यम व्यवसायाला या कामासाठी काय करावं लागतं, ते इथे सविस्तर लिहितेय.

लोक पहिला प्रश्न विचारतात, "एमडीएम कोणतं घेऊ?" मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट, म्हणजे ऑफिसात बसून सगळ्या फोनवर अ‍ॅप टाकणं, नियम लावणं, गरज पडली तर फोन लॉक किंवा कोरा करणं. चेन्नईच्या झोहोचं मॅनेजइंजिन आहे, पुण्याचं स्केलफ्यूजन आहे, बंगळुरूच्या फॉर्टीटू गिअर्सचं शुअरएमडीएम आहे, मायक्रोसॉफ्टचं इंट्यून आहे. अँड्रॉइडवर ही सगळी गुगलने दिलेल्या त्याच सोयींवर उभी असल्यामुळे मूळ कामात फार फरक पडत नाही. तुमची माणसं किती आहेत आणि अडलं तर फोनवर मराठी-हिंदीत बोलणारं कुणी मिळतं का, एवढं बघून निवडा. सगळ्यांची चाचणी आवृत्ती मिळते, आधी दोन फोनवर चालवून बघा.

त्याच्या आधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे: फोन कुणाचा?

कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन असेल तर त्यावर फक्त वर्क प्रोफाइल टाका. त्या फोनमध्ये कामाचा एक वेगळा कप्पा तयार होतो. त्यातल्या अ‍ॅपवर छोट्या बॅगेचं चिन्ह दिसतं, आणि संध्याकाळी काम संपलं की कर्मचारी तो कप्पा एका बटणाने बंद ठेवू शकतो. कंपनीचा हुकूम त्या कप्प्यापुरताच चालतो. त्याच्या गॅलरीतले फोटो, मेसेज, त्याने स्वतःसाठी टाकलेली अ‍ॅप, यातलं काही ऑफिसला दिसत नाही. माणूस नोकरी सोडून गेला की कप्पा पुसायचा, बाकी फोन जसाच्या तसा राहतो.

फोन कंपनीच्या पैशाचा असेल तर तो पूर्ण ताब्यातला, म्हणजे फुली मॅनेज्ड करा. मग कोणती अ‍ॅप चालतील ते कंपनी ठरवते, बाकीची बंद. गोदामातला स्कॅनिंगचा टॅब हा तिसरा प्रकार. तो किऑस्क मोडमध्ये ठेवायचा, चालू केला की एकच अ‍ॅप उघडतं आणि बाहेर पडता येत नाही. हे टॅब चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते. मागचं झाकण किंचित वर आलेलं दिसलं की टॅब लगेच बाजूला काढायचा.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे ती सांगते. कंपनीला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे फोन हातात देण्याआधी माणसाला समोर बसवून सांगा. मराठीत एक पान छापून घ्या. त्यावर दोनच रकाने, "दिसतं" आणि "दिसत नाही". गेल्या हंगामात एका मुलाने पान वाचलं, बाजूला ठेवलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, घरचे फोटो दिसतात का हो तुम्हाला?" मी माझी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि त्याच्याच फोनचं पान उघडून दाखवलं. मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, बॅटरी किती टक्के, कोणती अ‍ॅप आहेत, शेवटचं लोकेशन. त्याने स्वतः माउस घेऊन स्क्रीनवरचे सगळे भाग उघडून बघितले. मग सही केली. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर मुलं फोन घरी ठेवून फिरतात किंवा लोकेशन बंद करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

लोकेशनचा नियम त्याच पानावर लिहा: कामाच्या वेळेतच, आणि कशासाठी ते. आमच्याकडे ते डीलर भेटीची नोंद आणि पेट्रोलचा हिशेब यासाठी लागतं. रविवारी कुणी कुठे आहे हे कंपनीला कळायचं कारण नाही, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये वेळाच तशा लावल्या आहेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कर्मचाऱ्यांची माहितीही येते. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला त्यात मोकळीक आहे, पण ती त्या कारणापुरतीच. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. दिवसभर उन्हात बागा फिरणाऱ्या माणसावर घरीसुद्धा नजर ठेवणं मला पटत नाही.

फोन तयार करताना

नवा फोन चालू केल्यावर स्वागताची स्क्रीन येते. तिथे काहीही न निवडता एकाच जागी सहा वेळा टॅप करा. क्यूआर स्कॅनर उघडतो, एमडीएमने दिलेला कोड त्याला दाखवायचा, वायफायला जोडायचं, पुढचं तो स्वतः करतो. फोन कोरा असतानाच हे होतं. कुणी उत्साहाने आधीच स्वतःचं गुगल खातं टाकून फोन वापरायला काढला असेल, तर रिसेट करून पहिल्यापासून. म्हणून दुकानातून आलेले खोके थेट माझ्या टेबलावर येतात, मध्ये कुणी उघडत नाही.

फोन शंभराच्या घरात असतील तर झीरो-टच बघा. अधिकृत पुरवठादाराकडून घेतलेल्या फोनचे आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचे ओळख क्रमांक, तोच गुगलच्या पोर्टलवर चढवतो, आणि फोन इंटरनेटला जोडला की आपोआप तुमच्या ताब्यात येतो, अगदी रिसेट केल्यानंतरही. सॅमसंगसाठी अशीच नॉक्सची सोय आहे. बाजारपेठेतल्या साध्या दुकानातून घेतलेल्या फोनला झीरो-टच सहसा मिळत नाही, तेव्हा खरेदीच्या आधीच विचारा. साहेब लोकांचे आयफोन असतील तर अ‍ॅपलच्या कंपन्यांसाठीच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तत्त्व तेच.

नियम थोडेच लावा. सहा आकडी पिन सक्तीचा. प्ले स्टोअर सोडून बाहेरून अ‍ॅप टाकणं बंद. हा दुसरा नियम आमच्या भागात फार महत्त्वाचा आहे, कारण आरटीओ चलान, पीएम किसान, लग्नपत्रिका अशा नावांच्या एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणाऱ्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात आणि त्या टाकल्या की बँकेचे ओटीपी दुसऱ्याकडे जातात. वसुलीच्या फोनवर असं होऊन चालणार नाही. तुमचं स्वतःचं ऑर्डरचं अ‍ॅप असेल तर तेही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची सवय मोडा. मॅनेज्ड गुगल प्लेवर, म्हणजे कंपन्यांसाठीच्या प्ले स्टोअरवर, ते फक्त तुमच्या कंपनीसाठी खासगी म्हणून चढवता येतं, आणि सगळ्या फोनवर आपोआप बसतं.

शाओमी, ओप्पो, विवो, रिअलमी या फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप फोन स्वतःच बंद करतो. मग लोकेशन दुपारी बाराच्या ठिकाणी अडकून बसतं आणि मॅनेजरला वाटतं मुलगा झाडाखाली झोपलाय. एमडीएमच्या आणि ऑर्डरच्या अ‍ॅपला ऑटोस्टार्ट द्या, बॅटरीचं बंधन काढा, आणि एक दिवस फोन खिशात ठेवून स्वतः फिरून बघा. जतच्या पूर्वेला रेंज जाते-येते. तिथे जाणाऱ्यांना रेंज नसताना ऑर्डर साठवून ठेवणारं अ‍ॅपच हवं.

अपडेटचं एक. सिस्टीम अपडेट तीस दिवस पुढे ढकलता येतं, आणि वर्षातला ठराविक काळ सलग नव्वद दिवसांपर्यंत गोठवताही येतो. आम्ही छाटणीचा काळ गोठवतो. भर हंगामात सकाळी फोन अर्धा तास अपडेट होत बसला तर पहिली फेरी जाते. हंगाम संपला की मात्र अपडेट टाळू नका.

नंबर कंपनीचा ठेवा

फोनपेक्षा नंबर महाग असतो. शेतकरी आणि डीलर माणसाला ओळखतात ते नंबराने, आणि अर्धा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. सिम कंपनीच्या नावावर घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन व ईमेल कंपनीचा ठेवा. पिन माहीत नसेल आणि ईमेलही दिलेला नसेल, तर पिन बदलायला सात दिवस थांबावं लागतं. मुलाच्या स्वतःच्या फोनवर वर्क प्रोफाइल असेल तर त्या कप्प्यात कंपनीच्या नंबरचं दुसरं व्हॉट्सअ‍ॅप चालतं, त्याचं घरचं वेगळं राहतं. ते मेसेज एमडीएमला वाचता येत नाहीत, हेही "दिसत नाही"च्या रकान्यात लिहा.

परत घेताना

माणूस जाणार हे कळलं की शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. आदल्या दिवशी बसा, ऑर्डरचं अ‍ॅप सिंक करा, राहिलेली वसुली चढली का बघा, त्याचे स्वतःचे फोटो असतील तर त्याला काढून घेऊ द्या. फोनमध्ये त्याचं गुगल खातं असेल तर ते त्याच्यासमोर सेटिंगमधून काढा आणि मगच रिसेट करा. खातं न काढता बटणं दाबून रिसेट केला, तर फोन पुढच्या वेळी तेच जुनं खातं आणि पासवर्ड मागत बसतो. तोवर तो मुलगा पुण्यात दुसऱ्या नोकरीला लागलेला असतो. फुली मॅनेज्ड फोनवर वैयक्तिक खातं टाकणं बंद करता येतं आणि अशा वेळेसाठी कंपनीचं खातं आधीच लावून ठेवता येतं. दोन्ही करा.

चार्जर, कव्हर, सिम, स्क्रीनची अवस्था, दोन्ही आयएमईआय हे सगळं एका रजिस्टरमध्ये देताना आणि घेताना लिहून सही घ्या. आयएमईआय बघायला स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करायचं.

फोन हरवला तर

मुलांना सांगून ठेवा, फोन हरवला की पहिला फोन ऑफिसला, रात्र असली तरी. ओरडायचं नाही. ओरडा पडेल या भीतीने सकाळपर्यंत गप्प बसलेला माणूस कंपनीचं जास्त नुकसान करून जातो.

क्रम असा: आधी लॉक, मग लोकेशन, आणि सापडायची आशा संपली की पुसणं. पुसल्यावर एमडीएमचं अ‍ॅपही जातं आणि लोकेशन मिळायचं थांबतं, म्हणून घाई नको. हे सगळे हुकूम फोन इंटरनेटवर असेल तेव्हाच पोचतात. चोराने सिम काढून टाकलं तर ते वाट बघत राहतात, आणि तोवर आतल्या माहितीला राखायला तो सहा आकडी पिनच असतो.

सिम बंद करून त्याच नंबरचं डुप्लिकेट घ्या. पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत, फोनचं बिल, आयएमईआय घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर सीईआयआरमध्ये, म्हणजे आयएमईआयच्या केंद्रीय नोंदवहीत, फोन ब्लॉक करा. मग त्यात दुसरं सिम घातलं तरी तो भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. अर्ज केल्यावर एक विनंती क्रमांक मिळतो. फोन परत मिळाला तर तोच क्रमांक टाकून अनब्लॉक करावं लागतं, तेव्हा तो रजिस्टरमध्ये त्या फोनच्या ओळीत लगेच लिहा. पोलिसांनी फोन दिला आणि क्रमांक सापडत नाही, असं झालं तर चांगला फोन कपाटात पडून राहतो.