कॅम्परव्हॅनसाठी रस्ता ठरवताना कोणत्या अ‍ॅपवर किती भरवसा ठेवावा

‘गूगल मॅप लावा आणि निघा’ हा सल्ला छोट्या गाडीपुरता ठीक आहे. कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली व्हॅन, घेऊन मुंबईबाहेर पडणाऱ्याला तो देऊ नये. गूगल मॅपला गाडीची उंची किंवा लांबी सांगायची सोयच नाही, त्यामुळे तीन मीटर उंचीची व्हॅन आणि हॅचबॅक त्याच्या हिशेबी सारख्याच. परदेशातून खास आरव्हीचा (अशा राहण्याच्या गाड्यांसाठीचा) जीपीएस मागवण्यातही अर्थ नाही. पुलांची उंची आणि कॅम्पिंगच्या जागा ही त्यातली कामाची माहिती मुख्यतः अमेरिका-युरोपसाठी भरलेली असते.

१. आधी गाडी मोजा. आरसी बुकातल्या आकड्यावर जाऊ नका. सपाट जागेवर, टाक्या आणि सामान रिकामे असताना, जमिनीपासून सर्वांत उंच टोकापर्यंत मोजा: एसी, कॅरिअर, सोलर पॅनल, जे वर असेल ते. रिकामी गाडी उंच उभी राहते, म्हणून तेच माप धरायचे. त्यात २० सेंटिमीटर मिळवून आकडा डॅशबोर्डवर चिकटवा.

२. अ‍ॅप तीन ठेवा. ट्रॅफिकसाठी गूगल मॅप. स्पीडब्रेकर आणि तीव्र वळणांच्या सूचनांसाठी मॅपल्स. मागे भांडी आणि गॅस असताना या सूचना फार उपयोगी पडतात. नेटवर्क नसेल तिथे ऑस्मअँड, कारण त्यात गाडीची उंची, रुंदी, वजन भरता येते. नकाशे घरच्या वायफायवर उतरवून घ्या.

ऑस्मअँडची मर्यादा मात्र नीट समजून घ्या. नकाशात ज्या पुलाची उंची कुणीतरी नोंदवली आहे, तोच पूल ते टाळते. नोंद नसेल तर रस्ता मोकळा धरते, आणि आपल्याकडच्या कित्येक रेल्वे भुयारी मार्गांची नोंदच नसते. उंची भरली म्हणून निर्धास्त होऊ नका. वाटेत रेल्वे रूळ ओलांडायचे असतील ती प्रत्येक जागा नकाशा मोठा करून बघा, गूगलचा स्ट्रीट व्ह्यू (रस्त्याचे फोटो) असेल तिथे उंचीचा फलक वाचा. डांबराचे थर चढत जातात आणि फलकावरचा आकडा तोच राहतो. २० सेंटिमीटर त्यासाठीच.

३. रस्ता खिळवा. बहुतेकांचे चुकते ते इथे. संगणकावर गूगल मॅपमध्ये रेघ ओढून हवा तो रस्ता केला आणि फोनवर पाठवला, की फोन त्या क्षणाच्या ट्रॅफिकप्रमाणे पुन्हा हिशेब करतो आणि ओढलेली रेघ जाऊ शकते. रेघेवर विसंबू नका, थांबे टाका. आणि थांबा असा निवडा, जो फक्त तुमच्याच रस्त्यावर येतो.

महाबळेश्वरचे उदाहरण घ्या. मुंबईहून दोन वाटा आहेत: पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने, किंवा पुणे, सुरूर फाटा, वाई करत पसरणी घाटाने. लांब व्हॅनला पसरणीच घ्यावा. आंबेनळीची वळणे अवघड आहेत आणि पावसाळ्यात तिथे दरडी येतात. आता पनवेलला थांबा टाकून काहीच साधत नाही, दोन्ही वाटा पनवेलवरूनच जातात. वाई टाकली की पोलादपूर आपोआप बाद. पण नुसते ‘वाई’ लिहिले, तर खूण बाजारपेठेच्या गल्लीत पडू शकते आणि अ‍ॅप व्हॅन तिथे घालते. मुख्य रस्त्यावरचा पेट्रोल पंप निवडा.

दुभाजक असलेल्या महामार्गावर खूण आपल्या बाजूच्याच मार्गिकेवर आहे ना, हे नकाशा पूर्ण मोठा करून तपासा. समोरच्या बाजूला पडली, तर अ‍ॅप तुम्हाला पुढच्या यू-टर्नपर्यंत नेऊन परत आणते. एक्स्प्रेसवेवर तो फेरा कित्येक किलोमीटरचा होतो. थांबेही दोन-तीनच ठेवा. आणि वाटेत ‘यापेक्षा लवकर पोहोचवणारा रस्ता’ असे अ‍ॅपने सुचवले, तर मोह आवरा: त्या रस्त्याची तपासणी तुम्ही केलेली नाही.

४. फेरीबोट वेगळी तपासा. कोकणात किनाऱ्याने जाताना अ‍ॅप बागमांडला–वेसवी किंवा दाभोळ–धोपावे अशा फेरीवरून सरळ नेते. मोटार सहज चढते. व्हॅनच्या मागच्या चाकांपलीकडे बराच भाग लोंबत असतो. ओहोटीला जेट्टीचा उतार उघडा पडतो, बोटीच्या फळीशी कोन तीव्र होतो आणि मागचा बंपर, कधी सांडपाण्याची टाकीही घासते. भरतीची वेळ बघून निघा, गाडीची लांबी आधी फेरीवाल्यांना कळवा. नाहीतर सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ निवडा. दाभोळऐवजी खेड-चिपळूणवरून गुहागर गाठता येते.

५. घाट चालू आहे का? पावसाळ्यात वरंधसारखे घाट जिल्हा प्रशासन बंद करते, कधी फक्त अवजड वाहनांना. अ‍ॅपवर ते उशिरा दिसते. आदल्या दिवशी जिल्ह्याच्या बातम्या वाचा.

६. वेळ. अ‍ॅप सांगते तो वेळ मोटारीचा. सपाटीला त्यात पाव भाग, घाटात निम्मा भाग वाढवा.

७. मुक्काम. बुकिंग करताना फोनवर फाटकाच्या कमानीची उंची विचारा, आत गाडी वळवायला जागा आहे का तेही विचारा, आणि शक्य असेल तर फाटकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. ‘मोठ्या गाड्या येतात’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. अनेकांच्या लेखी इनोव्हा हीच मोठी गाडी असते.