अमेरिकेतलं लिबरल आर्ट्स कॉलेज निवडताय? या चुका टाळा

माझी भाची अकरावीत होती तेव्हा तिच्या बाबांनी एक तक्ता केला होता. डावीकडे अमेरिकेतल्या दहा लिबरल आर्ट्स कॉलेजांची नावं, पुढे रँकिंग, खर्च आणि शंभरातल्या किती जणांना प्रवेश मिळतो तो आकडा. कित्येक रात्री जागून केलेलं काम होतं ते. पण त्या तक्त्यात भाची कुठेच नव्हती. तिला भौतिकशास्त्र आवडतं, ती गाणं शिकते, चार माणसांत तोंड उघडायला तिला वेळ लागतो, थंडीत तिला दम्याचा त्रास होतो, यातल्या कशाचीच नोंद नव्हती. तिच्याऐवजी शेजारचा मुलगा जाणार असता, तरी तक्ता हाच राहिला असता.

त्यानंतर ओळखीपाळखीतल्या बऱ्याच मुलांच्या याद्या मी त्यांच्या आईबाबांबरोबर बसून पाहिल्या. चुका फिरून फिरून त्याच दिसतात. त्या वेळेवर लक्षात आल्या तर मुलाची चार वर्षं आणि घरातल्यांचे पैसे, दोन्ही वाचतात. म्हणून हे लिहिते आहे.

‘आर्ट्स’ या शब्दाला अडणं

“दहावीला चौऱ्याण्णव टक्के मिळवून आर्ट्स?” आजी-आजोबांचा हा प्रश्न ठरलेला असतो. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशी वाटणी होते, त्यामुळे त्यांची चूक नाही. पण लिबरल आर्ट्समधलं आर्ट्स ते नव्हे. तिथे भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र, संगणकशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत सगळं एकाच छताखाली असतं आणि मुख्य विषय बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवता येतो. कॅलिफोर्नियातलं हार्वी मड हे लिबरल आर्ट्स कॉलेजच आहे, आणि त्याची ओळख विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगसाठी आहे. स्वार्थमोरमध्ये आणि मुलींच्या स्मिथ कॉलेजात इंजिनिअरिंगची पदवी मिळते. ओरेगनमधल्या रीड कॉलेजात संशोधनासाठीची छोटी अणुभट्टी आहे आणि ती चालवण्याचं काम पदवीची मुलं परवाना घेऊन करतात. इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस १९४९ साली आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजातून बाहेर पडले.

दुसरी अडचण ‘कॉलेज’ या शब्दाची. आपल्याकडे कॉलेज विद्यापीठाच्या हाताखाली असतं, म्हणून “युनिव्हर्सिटी नाही, नुसतं कॉलेज?” असं वाटतं. तिथली ही कॉलेजं स्वतः पदवी देतात. पीएचडीचे विद्यार्थी जवळजवळ नसतातच, त्यामुळे प्रयोगशाळेतलं काम थेट पदवीच्या मुलांच्या हाती येतं.

तरीही प्रत्येक मुलासाठी ही वाट नाही. विमानं बनवायची आहेत, आर्किटेक्ट व्हायचं आहे, हे ज्याचं पक्कं ठरलं आहे, त्याने मोठ्या विद्यापीठाचा रस्ता धरावा. त्याला उगाच इकडे ओढू नका.

रँकिंगच्या दोन रांगा एक समजणं

यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाच्या रँकिंग यादीत विद्यापीठांची रांग वेगळी असते आणि लिबरल आर्ट्स कॉलेजांची वेगळी. एका रांगेतला आठवा आणि दुसऱ्या रांगेतला आठवा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. रीड कॉलेजने तर १९९५ पासून या यादीला माहिती देणंच थांबवलं आहे, त्यामुळे तिथला त्याचा क्रमांक पाहून कॉलेजबद्दल फारसं काही कळत नाही. रँकिंगसाठी यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

“लाजाळू आहे ना, मग लहान कॉलेज बरं”

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. चुकीचं कॉलेज निवडलं जातं ते बहुतेकदा इथेच.

लहान कॉलेजात वर्ग बारा-पंधरा जणांचा. मधे टेबल, भोवती मुलं, आणि बोलणं हा अभ्यासाचाच भाग. काही विषयांत त्याचे मार्कही असतात. मागच्या बाकावर बसून मुकाट्याने वही भरणाऱ्या मुलाला तिथे लपायला जागा नसते. तीनशे जणांच्या सभागृहात तो आरामात लपला असता. त्यातून सगळ्या कॉलेजात मिळून दीड-दोन हजार मुलं, म्हणजे एखादं गावच. मैत्रिणीशी भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत ती समोर येणारच.

म्हणून लाजाळू मुलाला लहान कॉलेज नको, असंही मी म्हणणार नाही. लाजण्याचेही प्रकार असतात. माझी भाची पंधरा जणांत गप्प बसायची, पण समोर एकच माणूस असला तर दोन दोन तास बोलायची. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात ‘ट्युटोरिअल’ नावाचे वर्ग असतात. दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक, इतकाच वर्ग. एका आठवड्यात एकाने निबंध लिहून आणायचा आणि दुसऱ्याने त्यातल्या कच्च्या जागा दाखवायच्या, पुढच्या आठवड्यात उलट. ते वाचलं आणि तिचा चेहरा उजळला. तोपर्यंत विल्यम्स तिच्यासाठी तक्त्यातलं एक नाव होतं. ती शेवटी गेली दुसरीकडेच, पण शोधायचं काय ते तिला त्या दिवशी कळलं.

तेव्हा कॉलेज लहान की मोठं याच्या पुढे जा. तिथे शिकवतात कसं ते पाहा आणि त्याच्या शेजारी मुलाचा स्वभाव ठेवा.

कोलोरॅडो कॉलेजात १९७० पासून एका वेळी एकच विषय शिकवतात. साडेतीन आठवडे तोच, मग पुढचा. एखाद्या गोष्टीत बुडी मारली की जेवणाची शुद्ध न राहणारं मूल तिथे रमेल. ज्याच्या डोक्यात गणित हळूहळू मुरतं, त्याची मात्र तिथे दमछाक होईल. चार दिवस तापाने आडवं पडलं तर विषयाचा पाचवा हिस्सा हातचा गेला.

ॲमहर्स्ट आणि ग्रिनेल इथे पहिल्या वर्षाचा एक वर्ग सोडला तर सक्तीचं जवळपास काही नाही. मुख्य विषयाच्या अटी पूर्ण करा, बाकी तुम्ही ठरवा. ऐकायला किती छान! पण सहावीपासून क्लासच्या वेळापत्रकावर चाललेल्या मुलाला हे मोकळं रान सोसेल का, हा प्रश्न घरात विचारायलाच हवा. काही मुलं तिथे फुलतात. काही अवघड वाटणारं सगळं टाळत जातात आणि तिसऱ्या वर्षी अडकतात.

याच्या दुसऱ्या टोकाला ॲनापोलिस आणि सँटा फे इथलं सेंट जॉन्स. तिथे मुख्य विषय निवडायचाच नाही. ग्रीक भाषा, युक्लिडची भूमिती, प्लेटोपासूनची मूळ पुस्तकं, चारही वर्षं सगळ्यांना सारखीच, आणि तीही गटात बसून चर्चा करत. वाचनवेड्या मुलाला ही पर्वणी आहे, इतरांना फार जड जाईल.

रीडमध्ये पेपर परत येतो तो शेरे लिहून. ग्रेड नोंदवलेली असते, पण मागितल्याशिवाय सहसा सांगत नाहीत. अभ्यास मात्र कसून घेतात आणि शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. मार्कांच्या ताणाने पिचलेल्या मुलाला इथे श्वास घेता येईल. मार्क दिसल्याशिवाय ज्याला पुस्तक उघडवत नाही, त्याचं काय होईल याचा विचार करा. हॅवरफर्डमध्ये परीक्षेला पर्यवेक्षक नसतात, मुलांच्या सचोटीवर सगळं चालतं.

स्वभाव ओळखायचा कसा? मी मुलांना एकटं बसवून दोन प्रश्न विचारते. आईबाबांना त्या वेळी आतल्या खोलीत चहा घ्यायला पाठवते, कारण ते समोर असले की उत्तर बदलतं. पहिला प्रश्न: गेल्या वर्षभरात, कुणी सांगितलेलं नसताना, तुझे तासन् तास कशात गेले? दुसरा: वर्गात काही कळलं नाही तर तू काय करतोस? हात वर करतोस, मित्राला विचारतोस, की घरी येऊन एकटा झगडतोस? एका मुलाने मला सांगितलं होतं, “मावशी, मी सरांना नंतर जिन्यात गाठतो.” प्राध्यापकांच्या दाराशी सहज जाता येतं अशा लहान कॉलेजात या मुलाचं सोनं होईल, हे मला तिथेच कळलं.

मुलींचं कॉलेज म्हटलं की संध्याकाळी सातला बंद होणारं फाटक आठवणं

काही आया याच कारणाने स्मिथ, माउंट होल्योक, ब्रिन मॉर ही नावं यादीत घालतात आणि मुली त्याच कारणाने ती खोडतात. दोघींचाही समज चुकीचा आहे. तिथे असं फाटक नसतं. शिवाय स्मिथ आणि माउंट होल्योकच्या मुली ॲमहर्स्टमध्ये आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जाऊन विषय घेऊ शकतात, कारण या परिसरातल्या संस्थांचा तसा करारच आहे. खोडण्याआधी तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीशी बोलायला सांगा.

गाव न पाहणं

नकाशावर बोट ठेवा आणि पुढचे प्रश्न विचारा. जवळचं विमानतळ किती तासांवर? गाडी नसताना तिथे पोचायचं कसं? डिसेंबरच्या सुट्टीत हॉस्टेल उघडं राहतं का? बरीच कॉलेजं ते बंद करतात आणि परदेशी मुलांना वेगळी परवानगी काढावी लागते. पहिल्याच डिसेंबरात हे कळण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

ग्रिनेलच्या भोवती आयोवाची शेती आहे. मिनेसोटातलं कार्लटन मिनिआपोलिसपासून तासाभराच्या अंतरावर आहे, पण तिथला जानेवारी शून्याखाली वीस अंशांवरही जातो. भाचीच्या दम्यामुळे आम्ही ते नाव जड मनाने काढलं. त्याच मिनेसोटात मॅकॅलेस्टर मात्र सेंट पॉल शहरात आहे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान तिथेच शिकले. स्वार्थमोरच्या आवाराला लागूनच रेल्वे स्टेशन आहे आणि गाडी थेट फिलाडेल्फियाला जाते. कॅलिफोर्नियातल्या क्लेरमॉन्ट गावात पोमोना, स्क्रिप्स, पिट्झर, हार्वी मड आणि क्लेरमॉन्ट मॅकेना ही पाच कॉलेजं एकमेकांना खेटून आहेत. म्हणजे नाव लहान कॉलेजाचं, पण भोवती हजारो मुलं. लहान जागेत कोंडल्यासारखं होणाऱ्या मुलासाठी ही सोय मोलाची.

माहितीपुस्तिकेवर विश्वास ठेवून विषय निवडणं

पुस्तिकेत चाळीस विषय छापलेले असतात. त्यातले प्रत्यक्षात किती शिकवले जातात? लहान विभागात तीन-चारच प्राध्यापक असतात. एक जण वर्षभर संशोधनाच्या रजेवर गेला की एखादी शाखाच वर्षभर बंद पडते. म्हणून पुस्तिका बाजूला ठेवून मागच्या चार सत्रांची वेळापत्रकं पाहा. बऱ्याच कॉलेजांच्या संकेतस्थळावर ती मिळतात. मुलाच्या आवडीचे विषय खरंच घेतले गेले का, आणि घेणारी माणसं किती, ते मोजा.

विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्रही वाचा. स्वार्थमोरचं ‘फीनिक्स’, ग्रिनेलचं ‘स्कार्लेट अँड ब्लॅक’, कार्लटनचं ‘कार्लटोनियन’, सगळी घरबसल्या वाचता येतात. मुलं कशावरून भांडतात, कशाची तक्रार करतात, कशाचा अभिमान बाळगतात, हे तिथे जसं कळतं तसं जाहिरातीच्या व्हिडिओत कधी कळत नाही.

“आधी प्रवेश मिळू दे, मदतीचं नंतर बघू”

असं करू नका. वर्षाचा एकूण खर्च बऱ्याच नामवंत कॉलेजांत ऐंशी हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी कॉलेजकडे आर्थिक मदत मागितली नाही, तर पुढची चार वर्षं ती मागता येणार नाही, असा नियम अनेक ठिकाणी आहे. प्रवेश देताना आर्थिक गरज न पाहणं आणि प्रवेश दिल्यावर पूर्ण गरज भागवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲमहर्स्ट आणि बोडन परदेशी मुलांसाठी या दोन्ही करतात. बाकीची अनेक कॉलेजं गरज भागवतात, पण प्रवेश देतानाच ती मोजतात. धोरणं बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचा नियम कॉलेजच्या पानावरच वाचा.

‘अर्ली डिसिजन’ म्हणजे नोव्हेंबरात अर्ज करून, निवड झाली तर तिथेच जाण्याचं वचन. मदत पुरेशी नसेल तर त्यातून सुटता येतं, पण इतर कॉलेजांशी तुलना करायची संधी हातातून जाते. खर्चाचा हिशोब आधी मांडलेला असेल आणि मुलाचं मन एकाच ठिकाणी बसलं असेल, तरच हे वचन द्या.

एक बारीक गोष्ट, जिच्याकडे आपल्या घरांत हमखास दुर्लक्ष होतं. पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर १२ महिने काम करता येतं. पदवी सरकारी यादीत विज्ञान-तंत्रज्ञान गटात असेल तर आणखी २४ महिने मिळतात. अर्थशास्त्राची पदवी काही कॉलेजं या गटात नोंदवतात, काही नोंदवत नाहीत. विषयाचं नाव एकच, पण फरक दोन वर्षांचा. कॉलेजला पत्र लिहून विचारून घ्या.

चूक झालीच असेल तर

पहिल्या सत्रात रडत फोन आला म्हणजे कॉलेज चुकलं असं लगेच धरू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ कठीणच असतो. दिवस लहान, जेवण वेगळं, दिवाळीला घर आठवतं. वर्ग आवडतात पण माणसं नाहीत, अशी तक्रार असेल तर हॉस्टेलची खोली बदलून, एखाद्या नाट्यगटात किंवा वाद्यवृंदात शिरून, प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळात नेमाने जाऊन बरंच सुधारतं. पुढच्या सत्राचं वेळापत्रक समोर ठेवून मूल म्हणालं की यातलं काहीच घ्यावंसं वाटत नाही, तर मात्र ते गंभीरपणे घ्या. तिथे “एवढे पैसे घातले” हे वाक्य तोंडून निघू देऊ नका, नाहीतर पुढचं काही तुमच्या कानावर येणार नाही.

कॉलेज बदलता येतं. त्यासाठीचे अर्ज बहुतेक ठिकाणी मार्चच्या आसपास जातात. बदली घेणाऱ्या परदेशी मुलांना मदत कमी मिळते आणि आधीचे सगळे विषय मान्य होतीलच असं नाही, म्हणून त्या वर्षात सर्वत्र चालणारे पायाभूत विषय घ्यायला सांगा. अर्जाला कॉलेजातल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं, आणि ते देण्यासाठी त्यांना मुलाची ओळख असावी लागते. सगळं छान चाललेलं असलं तरी पहिल्या सत्रात निदान एका प्राध्यापकाच्या दारावर टकटक करून ये, एवढं मुलाला विमानतळावर निरोप देतानाच सांगून ठेवा.