मचूळ पाण्यावरचा गिझर घरच्या घरी कसा साफ करावा

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि तेच गिझरमध्ये जातं. म्हणून मालवण असो की गुहागर, आपल्याकडचा टाकीवाला गिझर वर्षातून एकदा उघडायलाच हवा. ‘टाकीत व्हिनेगर ओता, पाणी तापवा, झालं’ हा सल्ला विसरा. त्याने कॉइलवरची खपली थोडी सुटेल, पण अ‍ॅनोड रॉड कुठे दिसतो? मॅग्नेशियमचा हा दांडा स्वतः झिजतो, म्हणून टाकीचं पोलाद वाचतं. पाणी जितकं खारं, तितका तो लवकर संपतो. गिझर वॉरंटीत असेल तर मात्र हात लावू नका, कंपनीचा माणूस बोलवा.

एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, पाणी निवू द्या. थंड पाण्याचा कॉक बंद करून खालची जोडणी सोडवा आणि गरम नळ उघडा ठेवा. नुसत्या गरम नळाने टाकी रिकामी होत नाही, कारण ती नळी पाणी वरच्या टोकातून घेते. खालचं झाकण काढून वायरींचा फोटो काढा, वायरी सोडवा.

आता कॉइल आणि अ‍ॅनोड जिच्यावर बसवलेले असतात, त्या खालच्या प्लेटचे नट. मला सगळ्यात जास्त छळलं ते यांनीच. खाऱ्या हवेने ते गंजून घट्ट बसतात आणि पान्याला जोर लावला की स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा, तुटतो. स्टड टाकीलाच जोडलेला असतो, म्हणजे टाकी गेली. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी नट आधी किंचित आवळा, मग सैल करा, पुन्हा आवळा. तरीही हलत नसेल तर थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

बसवतानाही तेवढीच काळजी हवी. जुनी रबर रिंग परत वापरू नका; एम-सील, सिलिकॉन तर नकोच. जुनी रिंग दुकानात नेऊन तशीच नवी आणा. रिंग बसते ती जागा ओल्या फडक्याने पुसा, स्क्रूड्रायव्हरने खरवडलीत तर टाकीचं अस्तर निघेल. सगळे नट हाताने बसवा, मग समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. एकच नट आधी पूर्ण आवळला की प्लेट तिरकी बसते आणि थेंब नेमका वायरींच्या टोकांवर पडतो.

प्लेट बाहेर आहे तोवर कॉइल लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवा, वायरींची टोकं कोरडी ठेवून. बुडबुडे थांबले की ब्रशने घासा. संडासाचं अ‍ॅसिड चालणार नाही. कोकमाचं आगळ तांब्याच्या बंबाला ठीक, पण त्यात मीठ असतं, इथे नको. अ‍ॅनोडची मधली तार दिसू लागली असेल तर नवा घाला.

टाकीतला गाळ धुऊन काढा, वायरी वगळून सगळं जोडा, गरम नळातून सलग धार येईपर्यंत भरा. भरलेली टाकी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी नटांभोवती कोरडा टिश्यू फिरवा. तो ओला झाला तर एमसीबी चढवू नका, नट पुन्हा त्याच क्रमाने आवळा. कोरडा राहिला तर वायरी फोटोप्रमाणे लावा, झाकण बसवा, मगच वीज सुरू करा. अ‍ॅनोड कधी बदलला ती तारीख झाकणाच्या आत लिहून ठेवा. जुनाच ठेवला असेल आणि तो निम्मा झिजलेला असेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा उघडा.