डच ओव्हनमधला पीच कॉबलर: निखारे मोजून घ्या
अमेरिकेत टीअरड्रॉप ट्रेलर (गाडीमागे ओढायची, थेंबाच्या आकाराची छोटी झोपायची खोली, मागे स्वयंपाकाचा ओटा) घेऊन जमलेल्या मैत्रिणींसाठी पीच कॉबलर, म्हणजे फळांवर पिठाचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ, उत्तम, कारण कामं सहज वाटून घेता येतात. ट्रेलरच्या मागच्या ओट्यावर फक्त तयारी करा. निखारे तिथून लांब, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा.

१२ इंची, पाय असलेल्या डच ओव्हनला, म्हणजे झाकणाच्या जाड बिडाच्या भांड्याला, तूप चोळा. पीचचे मोठे दोन डबे ओता, पण एकाचा पाक काढून टाका, नाहीतर लगदा होतो. वर केक मिक्सचा एक पुडा भुरभुरवा, ढवळू नका. ११० ग्रॅम लोण्याचे तुकडे सगळीकडे पसरा. कोरडी जागा पिठूळच राहते.

कोळशाच्या पेटवलेल्या ८ ब्रिकेट (दाबून केलेल्या वड्या) खाली कडेने गोलात, १६ झाकणावर. तळ करपतो तो खालचे निखारे मधोमध रचल्यामुळे. दर १५ मिनिटांनी भांडं पाव फेरा एकीकडे, झाकण उलट दिशेला फिरवा. साधारण ४५ मिनिटं लागतात. झाकण तिरकं होऊ देऊ नका, राख आत पडते.