घरच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या

आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणीला कितीतरी घरांत माळ्यावर डब्यात कॅसेटी पडून आहेत, सीमालढ्याचे पोवाडे, गल्लीतल्या नाटकाची तालीम, कुणाच्या तरी सोप्यात रात्री उशिरापर्यंत रंगलेली कवितांची बैठक, सगळं टू-इन-वन मध्ये, म्हणजे रेडिओ-कॅसेट एकत्र असलेल्या मशीनमध्ये, ठेवून भरलेलं. हे कुठल्या कंपनीनं काढलेलं नाही, दुसरी कॉपी नाही, त्यामुळं कॅसेट गेली की आवाज गेलाच.

सापडल्या सापडल्या लावू नका. मी काकांची एक कॅसेट तशीच घातली आणि फीत रोलरमध्ये गुंडाळली गेली, मधला अर्धा पोवाडा कायमचा चुरगळला, अजून जीव हळहळतो. आधी टॉर्च मारून रिळाची कड बघा, पांढरी पूड दिसली तर ती बुरशी, आपल्या पावसात ती हमखास धरते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि प्लेअरमध्ये घालूच नका, हेडवरून, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावरून, बाकीच्यांना लागते, ती जाणकाराकडंच द्या. चांगल्या असतील त्यांच्या मागच्या दोन्ही खुट्ट्या मोडा म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसणार नाही, मग एकदा पूर्ण फॉरवर्ड, पूर्ण रिवाइंड. फीत तुटली तर सेलोटेप नको, त्याचा गोंद पाझरतो, फीत जोडायलाच बनवलेली स्प्लायसिंग टेपच लावा.

प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाळू द्या. आता खरं काम, जे बहुतेक जण करतच नाहीत. घरची कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याच्या हेडचा कोन वेगळा असतो, म्हणून आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. हेडशेजारी स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवून, हेडफोन लावून तो केसभर केसभर फिरवा, ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ ऐकू आले की थांबा. प्रत्येक कॅसेटला परत हेच करायचं, कंटाळा करू नका, नंतर सॉफ्टवेअरमध्ये हे नीट करता येत नाही.

प्लेअरच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून, वायर यूएसबी ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज कॉम्प्युटरला देणाऱ्या छोट्या पेटीला, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, आवाजाची टोकं उणे ६ डेसिबलच्या खालीच राहू देत. ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण १ जीबी जागा लागते. एमपी३ पाठवायला नंतर वेगळी काढा.

आणि मूळ फाइलमधला खरखर आवाज, खोकला, मधलं बोलणं काही कापू नका हो. माझ्याकडच्या एका कॅसेटमध्ये दोन कवितांच्या मध्ये आजी दारातनं म्हणते, “मी येतो गं, चहा ठेवलाय बघ.” बाईमाणसानं ‘येतो’ म्हणायची ती आपली बोली अशीच तर उरणार. साफसफाई करायची ती कॉपीवर.

फाइलच्या नावात कॅसेटच्या डबीवर लिहिलंय तेच घाला, चुकीचं वाटलं तरी. एक कॉपी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडं ठेवा. कवी हयात असतील तर कुणाला पाठवायच्या आधी विचारा, आणि विचारायला जाल तेव्हा फाइल मोबाइलवर घेऊनच जा, कोण गातंय, ढोलकी कुणाची, हे त्यांनाच ओळखू येतं.